तेरा जणांचे तिलिस्म

जपानमध्ये कादंबरीचा एक प्रकार गेली चाळीस वर्षे रुळला आहे, जो कागदावर छापला जात नाही. पडद्यावर एक चित्र असते, चित्राखाली किंवा चित्राच्या अंगावरच दोन-तीन ओळींचा मजकूर असतो आणि बटण दाबले की पुढच्या ओळी येतात. मधूनच वाचकाला विचारले जाते, की आता इकडे जायचे की तिकडे, खरे सांगायचे की लपवायचे. त्याच्या उत्तराप्रमाणे कथेला फाटा फुटतो. या प्रकाराला 'व्हिज्युअल नॉव्हेल' म्हणतात. आपण चित्रकादंबरी म्हणू. १९८३ साली युजी होरी यांनी तयार केलेला, कोबे शहरातल्या एका खुनाच्या तपासावरचा 'पोर्टोपिया' हा खेळ या घराण्याचा पूर्वज मानला जातो. १९९२ मध्ये चुनसॉफ्ट या कंपनीने 'ओतोगिरिसो' काढला आणि त्याला 'साउंड नॉव्हेल' असे नाव दिले. पुढे या प्रकाराचा मोठा वाचकवर्ग तयार झाला. वाचकवर्ग हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत, कारण यात बोटांची करामत थोडी आणि वाचन फार.

आपल्याकडच्या वाङ्मयीन अंकांतून या प्रकाराची दखल घेतली गेल्याचे आमच्या पाहण्यात नाही. कथा, कविता, गझल, फार झाले तर चित्रपट, इथवर आपली समीक्षा येते आणि थांबते. मुलांच्या हातातल्या खेळाविषयी बोलायचे झाले तर तक्रारच करायची असा आपल्या शिक्षक मंडळींचा शिरस्ता आहे, आणि त्या तक्रारीत तथ्य नाही असेही नाही. परंतु मुले ज्या गोष्टीत तीस-तीस तास रमतात तिच्यात कथा असेल, तर ती कथा कशी आहे हे तपासणे हे साहित्याच्या माणसाचे काम आहे असे आम्हांला वाटते.

आमच्या आपांचा मोठा मुलगा आखाती देशात नोकरीला आहे. तो सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या खेळाच्या यंत्रावर 'थर्टीन सेंटिनल्स : ईजिस रिम' आम्ही प्रथम पाहिला. यंत्र आमच्या हाती देताना तो म्हणाला, "मामू, फक्त चित्रं बघा. स्टोरी समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. मी दोनदा खेळलो, मला नाही कळली." या लेखात आम्ही त्याच्या या वाक्याशी वाद घालणार आहोत, आणि काही ठिकाणी त्याचे म्हणणे मान्यही करणार आहोत. ज्यांना हा खेळ स्वतः खेळायचा आहे त्यांनी लेख इथेच मिटवावा, कारण पुढे आम्ही रहस्ये उघड केली आहेत. त्याशिवाय या कलाकृतीविषयी काही गंभीर बोलताच येत नाही.

ओसाका येथील व्हॅनिलावेअर या संस्थेची ही निर्मिती. लेखक आणि दिग्दर्शक जॉर्ज कामितानी. नाव पाश्चात्त्य वाटले तरी गृहस्थ जपानी आहेत. जपानमध्ये हा खेळ २८ नोव्हेंबर २०१९ रोजी आला, इंग्रजीत सप्टेंबर २०२० मध्ये. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्कृष्ट कथनासाठी ज्या पाच खेळांना नामांकन मिळाले त्यांत हा एक होता. म्हणजे आमच्या भाच्याला जी कथा कळली नाही तीच कथा जाणकारांना वर्षातल्या उत्तम पाच कथनांपैकी एक वाटली. हा विरोध आम्हांला गमतीचा वाटला आणि तिथूनच आमचे कुतूहल वाढले.

आधी चित्रांविषयी. त्यांच्याविषयी मतभेदाला जागाच नाही.

आजचे बहुतेक मोठे खेळ त्रिमितीत घडतात. खेळणारा पात्राच्या पाठीमागून वाटेल तिकडे वळू शकतो. व्हॅनिलावेअरने हा मार्ग धरलाच नाही. 'ओडिन स्फीअर' (२००७) पासून या मंडळींनी हाताने रेखाटलेली सपाट चित्रे एकापुढे एक रचून खोली निर्माण करण्याची रीत पाळली आहे. इथेही प्रत्येक प्रसंग रंगमंचासारखा आडवा उभा राहतो. पात्र डावीकडून उजवीकडे चालते, पुढे कुंपण किंवा बाकांची रांग, मागे दुसऱ्या विद्यार्थ्यांची ये-जा, त्यामागे इमारती, आणि सर्वांत मागे आकाश. १९८५ सालातले एक जपानी गाव, त्यातली एक शाळा, शाळेचा जिना, रेल्वे स्थानक, नदीकाठचा रस्ता. जागा मोजक्याच, पण उजेड किती प्रकारचा! शाळा सुटल्यानंतरच्या रिकाम्या वर्गात तिरपे ऊन येते, त्यात धुळीचे कण तरंगतात, बाकाच्या कडेला सोनेरी रेघ उमटते. ज्याने वर्षानुवर्षे शाळा सुटल्यावर वह्या तपासत वर्गात बसून काढली आहेत त्याला हे ऊन ओळखीचे आहे. मिनामी नावाची मुलगी खोलीत येते तेव्हा तिच्या चालण्यात धावपटूची उसळी असते. गोतो नावाचा मुलगा उभा राहतो तेव्हा तो कुणावर तरी पाळत ठेवतो आहे हे त्याच्या मानेवरून कळते. तेरा नायक-नायिकांची ओळख आधी त्यांच्या चालीवरून पटते, मग नावावरून. आम्हांला तर बरेच तास नावे आठवत नव्हती, चाली आठवत होत्या.

निवेदक जवळजवळ नाही. जे काही सांगायचे ते संवादांतून आणि पात्राच्या मनातल्या विचारांतून. त्यामुळे वर्णनाचे सगळे ओझे चित्रावर पडते आणि चित्र ते सहज पेलते. ही पद्धत आपल्याला परकी असण्याचे कारण नाही. अकबराने सुमारे १५६२ ते १५७७ या काळात 'हम्झानामा' चितारून घेतला, त्यात कापडावर रंगवलेली सुमारे चौदाशे चित्रे होती आणि मजकूर चित्राच्या पाठीमागे लिहिलेला होता. चित्र ऐकणाऱ्यांच्या समोर धरायचे आणि मागचा मजकूर वाचून सांगायचा, अशी त्याची योजना असावी असे अभ्यासक मानतात. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी आजही एकेक चित्र पुढे धरून कथा सांगतात. चित्र आणि शब्द यांची ही जोडी जुनी आहे. फरक इतकाच, की तिथे चित्रापाठी माणूस बसलेला असे. ऐकणारा चुकला, डुलक्या घेऊ लागला, तर तो दोन पावले मागे येऊन गोष्ट पुन्हा सांगत असे. या खेळात मागे बसलेला माणूस नाही, आणि घोळ इथूनच सुरू होतो.

कथा थोडक्यात सांगण्याचा प्रयत्न करतो. 'प्रयत्न' म्हणण्याला कारण आहे. १९८५ मध्ये शाळेत शिकणारी तेरा मुलेमुली. गावावर प्रचंड यंत्रराक्षस चालून येणार आहेत आणि त्यांना अडवण्यासाठी ही मुले 'सेंटिनल' म्हणजे पहारेकरी नावाच्या महाकाय यंत्रांत शिरून लढणार आहेत. ही लढाई कथेचा शेवट आहे, पण ती आपल्याला सुरुवातीपासूनच तुकड्यातुकड्यांनी लढावी लागते. खेळाचे तीन भाग आहेत : आठवणींचा भाग, विनाशाचा भाग आणि उकलीचा भाग. आठवणींच्या भागात तेरा जणांपैकी वाटेल त्याची कथा उघडावी. थोडे पुढे गेले की कुलूप लागते; आधी अमक्याची कथा तमक्या ठिकाणापर्यंत आणा, किंवा इतक्या लढाया जिंका, मग पुढचे दार उघडेल.

प्रत्येकाची कथा वेगळ्या जातीची. फुयुसाका ही तोंडात पाव धरून शाळेला उशीर झाला म्हणून धावणारी, वळणावर अनोळखी मुलाला धडकणारी, जपानी मुलींच्या चित्रकथांतली नायिका. मिनामीला एक छोटा यंत्रमानव सापडतो आणि ती त्याला लपवत फिरते. ओगाता एकाच दिवसात अडकला आहे, तोच स्थानकावरचा प्रसंग त्याला पुन्हा पुन्हा भोगावा लागतो. याकुशिजीला एक बोलणारे मांजर भेटते आणि तिच्या हातात पिस्तूल देऊन सौदा करते, की अमक्यांना गोळी घाल, तुझ्या प्रियकराची स्मृती परत येईल. आमिगुचीशी रात्री दूरदर्शन संचातली गायिका बोलते. सेकिगाहारा शुद्धीवर येतो तेव्हा त्याला स्वतःचे नावही आठवत नाही. मिउरा आणि हिजियामा हे दोघे तर १९४५ मधून, युद्धाच्या ऐन धुमाळीतून, इथे येऊन पडले आहेत. कुराबे जुन्या राक्षसपटांच्या ध्वनिचित्रफिती जमवणारा साधा मुलगा. त्याचा जिवलग मित्र शिबा रोज त्याच्या खोलीत येऊन बसतो. बऱ्याच उशिरा आपल्या लक्षात येते, की शिबा कुराबेखेरीज कुणालाच दिसत नाही.

आता गुंता कसा होतो पाहा. कळते की हे १९८५ एकटे नाही. १९४५, १९८५, २०२५, २०६५, २१०५ अशी चाळीस-चाळीस वर्षांच्या अंतराने पाच जगे आहेत आणि माणसे एकातून दुसऱ्यात जातात. आपण याला कालप्रवास समजतो. पुढे कळते की तो कालप्रवास नव्हताच. ही पाच जगे एकाच वेळी शेजारी-शेजारी नांदणारे पाच विभाग आहेत. त्याही पुढे कळते की ते विभाग खरे नाहीत. बाविसाव्या शतकात मानवजात नष्ट झाली, नष्ट होण्याआधी तिने एका दूरच्या ग्रहावर बीजे पाठवली, त्या बीजांपासून वाढलेली ही मुले यंत्रकोशांत झोपलेली आहेत आणि १९८५ हे त्यांना शिकवण्यासाठी रचलेले स्वप्न आहे. याशिवाय एकाच मूळ माणसाच्या प्रती वेगवेगळ्या विभागांत वेगवेगळ्या वयांत हिंडतात. शाळेच्या दवाखान्यातल्या मोरिमुरा बाई आणि पावाचा तुकडा तोंडात धरून धावणारी फुयुसाका ही एकच व्यक्ती. त्याच मोरिमुरा बाईंचे आणखी एक, लहान मुलीचे रूपही कथेत आहे. इदा नावाचे कारस्थानी गृहस्थ आणि छेलबटाऊ आमिगुची हेही एकच.

आमच्या भाच्याला कथा कळली नाही यात नवल ते काय?

पण थांबावे. कथा अवघड आहे आणि कथा गोंधळलेली आहे, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पाच विभाग, प्रती, कोश, स्वप्न ही सगळी रचना आम्ही कागदावर मांडून पाहिली. तेरा नावांचा तक्ता केला, विभागांना रंग दिले, कोण कुणाची प्रत ते बाण काढून दाखवले. आश्चर्य असे, की हिशेब जुळतो. तेरा धाग्यांपैकी क्वचितच एखादा लोंबकळतो. म्हणजे लेखकाच्या डोक्यात गोंधळ नाही. गोंधळ आहे तो सांगण्यात, आणि तो बराचसा मुद्दाम घातलेला आहे.

उर्दू दास्तानींशी ज्यांचा परिचय आहे त्यांना तिलिस्म ही कल्पना सांगायला नको. कुणी जादूगार एक संपूर्ण जग रचतो. त्यात शहरे असतात, बागा असतात, राजे आणि प्रजा असते, आणि आत अडकलेल्याला ते खोटे आहे हे कळत नाही. एक तिलिस्मकुशा येतो, त्याच्या हाती लौह म्हणजे पाटी लागते, त्या पाटीवर तिलिस्म कसे मोडायचे ते लिहून येते. मुहम्मद हुसैन जाह आणि त्यांच्यानंतर अहमद हुसैन कमर यांनी लिहिलेले, लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून १८८३ पासून खंडशः निघालेले 'तिलिस्म-ए-होशरुबा' हजारो पानांचे आहे. त्यातली पात्रे मोजायला बसलो तर तेरा हा आकडा किरकोळ वाटेल. तरीही ते वाचताना आपण हरवत नाही, हरवलो तरी बिघडत नाही, कारण दास्तान पुढेच जाते. शाखा फुटते, शाखेला शाखा फुटते, पण काळाची दिशा एकच राहते. आणि मुख्य म्हणजे हे तिलिस्म आहे हे ऐकणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक असते; ठाऊक नसते ते पात्राला. कामितानींनी नेमके इथे उलटे केले. वाचकालाही पात्राइतकेच आंधळे ठेवले, आणि वर काळाचा क्रम मोडला.

यातला दुसरा निर्णय आम्हांला जास्त महागाचा वाटतो. त्याची तुलना याच घराण्यातल्या एका जुन्या कृतीशी करता येईल. चुनसॉफ्टचा '४२८ : शिबुया स्क्रँबल' (२००८) हा खेळ खऱ्या नटांच्या छायाचित्रांवर रचलेला आहे. तोक्योच्या शिबुया भागात एका दिवसात घडणारी कथा, पाच नायक, सकाळी दहापासून तासातासाचे तुकडे. एकाच्या निर्णयाने दुसऱ्याचा घात होतो, कथा कुलूपबंद होते, दुसऱ्याच्या कथेत जाऊन ते कुलूप काढावे लागते. गुंतागुंत कमी नाही. परंतु भिंतीवर घड्याळ लावलेले आहे. अकरा वाजता कोण कुठे होते हे वाचकाला नेहमी कळते, म्हणून तो रहस्यावर डोके चालवू शकतो. 'थर्टीन सेंटिनल्स'मध्ये घड्याळ काढून घेतले आहे. प्रसंग उघडतो तेव्हा तोच वर्ग, तेच ऊन, तोच गणवेश. पण हा प्रसंग आधी पाहिलेल्या प्रसंगाच्या अगोदरचा की नंतरचा हे सांगितले जात नाही. एकाच पात्राच्या कथेत एकच सुरुवात पुन्हा येते आणि दुसऱ्या फाट्याने जाते, तेव्हा हे दोन्ही खरोखर घडले की एकच घडले, याचाही उलगडा लगेच होत नाही. अशा वेळी वाचक विचार करायचे सोडून देतो. 'पुढे कळेल' असे म्हणतो आणि बटण दाबत राहतो. वर्गात फळ्यावरचे गणित न समजता उतरवून घेणारा विद्यार्थी आम्हांला चेहऱ्यावरून ओळखता येतो. तीस तासांपैकी निदान दहा तास आमचा चेहरा तसा झाला असावा.

चित्रांचे सामर्थ्य इथे कथेच्या आड येते, हे आम्हांला विशेष नोंदवायचे आहे. सगळे प्रसंग सारखेच सुंदर आहेत. निर्णायक प्रसंग आणि जाता जाता घडलेला प्रसंग यांना सारखाच सोनेरी उजेड मिळतो. लघुचित्रांत चित्रकार महत्त्वाची आकृती मोठी काढतो किंवा तिच्याभोवती जागा मोकळी सोडतो, त्यामुळे डोळ्याला कुठे थांबायचे ते समजते. इथे डोळा सगळीकडेच थांबतो. १९४५ मधले गाव आणि १९८५ मधले गाव निराळ्या रंगांत आहेत, हे खरे. पण कथेचा फार मोठा भाग १९८५ मध्येच घडतो आणि तिथे आठवणीचा, स्वप्नाचा व वर्तमानाचा रंग एकच आहे. चित्रकाराने थोडी कंजुषी केली असती तर लेखकाचे काम हलके झाले असते.

उकलीचा भाग म्हणजे या खेळाने स्वतःच्या हाताने दिलेली लौह. त्यात आपण पाहिलेले सर्व प्रसंग घडले त्या क्रमाने लावलेले मिळतात आणि पात्रे, यंत्रे, संज्ञा यांवरच्या टिपा उघडता येतात. तिथे जाऊन एक टीप वाचली की मागचे चार प्रसंग लख्ख होतात. सोय चांगली आहे, आम्ही तिचा भरपूर उपयोग केला. पण ही सोय म्हणजे कबुलीजबाबही आहे. ज्या पाठ्यपुस्तकाबरोबर गाईड विकत घ्यावेच लागते त्या पाठ्यपुस्तकाविषयी शिक्षक खासगीत काय बोलतात ते इथे लिहीत नाही. शिवाय टिपांची भाषा कोरडी, नोंदवहीसारखी. ज्या कोशांत ही मुले जन्मापासून निजलेली आहेत त्यांची माहिती अशा टिपेतून मिळावी यापेक्षा एखाद्या पात्राच्या तोंडून थरथरत मिळाली असती तर बरे झाले असते. काही ठिकाणी तशी मिळतेही, आणि ती ठिकाणे लक्षात राहतात.

लढायांचा भाग मात्र आम्हांला कंटाळवाणा वाटला. एवढी चित्रकला जाणणाऱ्या मंडळींनी लढाई ठिपक्यांच्या आणि चमकत्या रेषांच्या नकाशावर का दाखवावी, याचे उत्तर कथेत दडलेले आहे असे म्हणता येईल, कारण ते जग शेवटी आकड्यांचेच आहे. उत्तर पटते, कंटाळा जात नाही.

कुर्रतुलऐन हैदर यांच्या 'आग का दरिया' (१९५९) ची आठवण आम्हांला हा खेळ पाहताना वारंवार झाली. गौतम, चंपा, कमाल, हरिशंकर ही नावे मौर्यकाळापासून फाळणीपर्यंत पुन्हा पुन्हा येतात. तीच माणसे की दुसरी, हे लेखिका सांगत नाही. तिथेही पहिल्या वाचनात वाचक गडबडतो. परंतु त्या गडबडीतून एक प्रश्न उभा राहतो, की या भूमीवर अडीच हजार वर्षे जे प्रेम करत आले, वाद घालत आले, घर सोडून जात आले, ते एकच लोक आहेत काय? नावांची पुनरावृत्ती हा तिथे आशय आहे. 'थर्टीन सेंटिनल्स'मध्येही एक माणूस अनेक वयांत, अनेक रूपांत फिरतो. मोरिमुरा बाई फुयुसाकाकडे पाहतात तेव्हा त्या आपल्याच कोवळ्या वयाकडे पाहत असतात. हा प्रसंग कादंबरीकाराच्या हाती पडता तर काय झाले असते! कोणत्या शिक्षकाला, समोरच्या बाकावर आपण स्वतः बसलो आहोत असा भास कधी झाला नसेल? पण खेळ या ओळखीचे रहस्यच करतो. 'अरे, या दोघी एकच!' असा धक्का देतो आणि पुढच्या धक्क्याकडे वळतो. धक्का देण्यासाठी ती गोष्ट आधी लपवावी लागते, आणि लपवलेली असल्यामुळे ती आधीच्या प्रसंगांत जाणवू शकत नाही. दुसऱ्यांदा खेळताना ती जाणवेल असे समर्थन होऊ शकेल. नोकरी-संसाराच्या माणसाने तीस तास दोनदा कुठून आणावेत?

हाच प्रकार १९४५ च्या बाबतीत. मिउरा आणि हिजियामा हे दोघे मुलगेच आहेत, पण देशासाठी मरायचे हे त्यांच्या अंगी बाणलेले आहे. ते १९८५ मध्ये येतात आणि देश हरला हे त्यांना समजते. हरलेला देश दिव्यांनी झगमगतो आहे, मुले हसत-खिदळत शाळेत जात आहेत. या विषयात किती ताकद आहे हे सांगायला नको. काही प्रसंगांत ती प्रकटते. मिउराचे गप्प राहणे आम्हांला आवडले. हिजियामाचा वाटा मात्र बराचसा विनोदाला जातो. शेवयांसारख्या परतलेल्या नूडल्स पावात भरून जपानी मुले खातात, आपल्या वडापावाचा चुलतभाऊच म्हणा; त्या पावावर हा युद्धातून आलेला मुलगा असा लुब्ध होतो की प्रत्येक भेटीत तोच विषय. गंमत वाटते, आणि पोटभर न मिळालेल्या काळातून आलेल्या मुलाची ही भूक आहे हे ध्यानात आले की गंमत थोडी मावळतेही. पण पुढे १९४५ सुद्धा रचलेले स्वप्नच निघते. त्यांचे युद्ध, त्यांचे मेलेले सोबती, सारा देखावा. ही गोष्ट कळल्यावर त्या दोघांचे काय झाले असेल? कथेला इथे थांबायला सवड नाही, तिला आणखी अकरा जणांची कुलपे उघडायची आहेत. गुंत्याची खरी किंमत ही आहे. आमच्या भाच्याला वाटते की गुंत्यामुळे डोके दुखते. आम्हांला वाटते की गुंत्यामुळे दुःख करायला वेळ उरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण हा लेख वाचून कुणी आपल्या मुलाबाळांच्या हाती हा खेळ देईल. सेंटिनलमध्ये बसलेली मुलेमुली विवस्त्र दाखवली आहेत, उजेडाआड झाकून. कोशातली मुले तशीच असणार, हे कारण शेवटी कळते. मिनामीचा धावपटूचा पोशाख आणि मोरिमुरा बाईंचे उभे राहणे यांना तेही कारण नाही. इतके जाणते हात, आणि नजर इथे बाजारी. नायिका शाळकरी वयाच्या आहेत, त्यामुळे हा प्रकार आम्हांला अधिकच खटकला. चांगल्या कलाकृतीतली वाईट गोष्ट चांगल्या नावाखाली खपते, म्हणून ती स्पष्ट सांगितलेली बरी.

तरीही आम्ही हा खेळ शेवटपर्यंत नेला, आणि त्याचे मुख्य कारण रिओको शिनोनोमे. डोक्याला पट्टी बांधलेली ही मुलगी एका माणसाच्या शोधात आहे. तिची स्मृती विस्कटत चालली आहे, ती गोळ्या घेते आणि मघाशी काय झाले ते विसरते. तिची कथा तेरांतली सर्वांत मोडकी. प्रसंग मध्येच तुटतो, जिना चढताना सुरू झालेला विचार दुसऱ्या दिवशीच्या जिन्यावर संपतो, समोरचा माणूस मित्र की शत्रू हे तिला ठरवता येत नाही आणि आपल्यालाही. इथे मात्र एकदाही आमची तक्रार झाली नाही. क्रम मोडला आहे तो तिच्या डोक्यात मोडला आहे. आपण गोंधळतो ते तिच्या शेजारी उभे राहून. एरवी सगळीकडे सारखे सांडणारे ते संध्याकाळचे ऊनही तिच्या कथेत निराळे भासते, कारण दिवस कोणता आहे हे तिला उजेडावरूनच ओळखायचे असते आणि उजेड तर रोज तोच. चित्र आणि कथन यांचे इतके एकजीव मीलन बाकी बारा कथांत आम्हांला क्वचितच आढळले.

उरला प्रश्न भाषेचा. हा खेळ इंग्रजी मजकुरासह मिळतो. संवाद जपानी आवाजात ऐकण्याची सोय आहे. उर्दू माध्यमातल्या आमच्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने इंग्रजी ही घरची उर्दू, रस्त्यावरची मराठी आणि दूरदर्शनची हिंदी यांच्यानंतरची चौथी भाषा. अशा मुलाने हा खेळ हाती घेतला तर काय होईल? चित्रपटाचा संवाद त्याच्यासाठी थांबत नाही. इथे ओळ थांबते. त्याने बटण दाबेपर्यंत शिनोनोमे तशीच जिन्यावर उभी राहते, पट्टीखालून एक डोळा झाकलेला, मागे धूळ तरंगते आहे, आणि शब्दकोशात शब्द शोधायला लागेल तितका वेळ ती उभी राहील. आमच्या नववीच्या वर्गात अशी तीन-चार मुले आहेत की ज्यांना हे सुचवून पाहावे असे मनात आहे. त्यांना आम्ही सांगणार आहोत ते इतकेच, की आधी '४२८' वाचा, तो सोपा पडेल, मग इकडे या. आणि तेरा नावांचा तक्ता आमच्याकडून घेऊन जा.